वर्षावनातील मोहीम : सही करण्याआधी



मागच्या महिन्यात आमच्या वसतिगृहातील एक मुलगी छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आली. नवापूर तालुक्यातली, मावची समाजातली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेऊन शिकणारी. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पाऊस जवळ आला की परततात. "ताई, इथं सही पाहिजे. ओळखीच्या जबाबदार व्यक्तीची," असे म्हणून तिने अर्ज पुढे ठेवला. मलेशियातील सबाह राज्यात, वर्षावनामध्ये तरुणांची निसर्गसंवर्धन मोहीम निघणार होती. सात आठवड्यांची.

मी सही केली नाही. "ठेवून जा, वाचते," म्हटले. तिचे तोंड उतरले, कारण तिला पक्के ठाऊक आहे की २००४ साली, ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा घेऊन मी नुकतीच सेवेत आले होते तेव्हा, एका परदेशी मंडळीने भाडे भरले म्हणून मी स्वतः त्याच सबाहमध्ये अशाच मोहिमेवर गेले होते. त्या मोहिमेचे फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. स्वतः जाऊन आलेली बाई दुसरीला का अडवते, असे तिला वाटले असणार.

मी अडवत नव्हते. पण अशा मोहिमांच्या जाहिराती आता आपल्या तरुणांच्या मोबाईलवर येऊ लागल्या आहेत, दोन-तीन पाळकांनीही मला त्याबद्दल विचारले आहे, आणि मदतीची पत्रे तर मंडळ्यांकडेच येणार. म्हणून ही मोहीम म्हणजे नेमके काय असते ते एकदा नीट लिहावे असे वाटले.

मोहीम म्हणजे काय

तरुणांच्या अशा मोहिमांची आज दिसणारी पद्धत मुख्यतः ब्रिटनमधून आली. कर्नल जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांनी १९७८ ते १९८० या काळात 'ऑपरेशन ड्रेक' नावाची जहाजावरची जगप्रवासी मोहीम काढली आणि त्यातून १९८४ साली 'ऑपरेशन रॅले' उभे राहिले. साधारण सतरा ते पंचवीस वयाची मुले-मुली निवडायची, वेगवेगळ्या देशांतील आणि थरांतील मुले एका गटात घालायची, आणि त्यांना दूरच्या प्रदेशात तीन प्रकारची कामे द्यायची. गावासाठी एक, निसर्गासाठी एक, आणि एक शरीराचा कस पाहणारी. पुढे हीच संस्था रॅले इंटरनॅशनल झाली. सबाह हे तिचे जुने क्षेत्र. २०२२ साली ती संस्था पैशाअभावी बंद पडली, पण तिने घालून दिलेला साचा अनेकांनी उचललेला आहे. आज येणाऱ्या बहुतेक जाहिरातींत तोच दिसतो.

सबाह म्हणजे बोर्निओ बेटाचे उत्तर टोक. बेट तीन देशांत वाटलेले आहे आणि हा भाग मलेशियाचा. कडाझान-दुसुन, मुरुत, रुंगुस आणि नदीकाठचे ओरांग सुंगाई असे कितीतरी मूळनिवासी समाज तिथे आहेत, आणि त्यांतले पुष्कळजण आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत. मी ज्या दुसुन गावात राहिले तिथे रविवारी सकाळी मलय भाषेत उपासना होई. शब्द कळत नव्हते, तरी पुढे काय येणार ते बरोबर कळे.

आमचा गट बारा जणांचा होता. आदिवासींमध्ये काम करते म्हणजे हिला जंगलाचे सगळे येत असणार, असे बाकीच्यांनी पहिल्या दिवशीच गृहीत धरले. मी मूळची नगरची. तोपर्यंत एक रात्रही जंगलात झोपलेली नव्हते. दोन झाडांना झोळी बांधून, वर ताडपत्री ताणून झोपायचे मला एका इंग्रज मुलाने शिकवले. त्याला भात शिजवायचे मी शिकवले.

आम्ही केलेली दोन कामे

पहिले तीन आठवडे आम्ही जंगलात फळ्यांची पायवाट बांधली. येणाऱ्यांच्या पायांनी माती तुडवली जाऊ नये, मुळे उघडी पडू नयेत, असा हेतू सांगितला होता. आम्ही खांद्यावरून फळ्या वाहिल्या, हाताला फोड आले, खिळे ठोकले, शेवटच्या दिवशी त्यावर उभे राहून फोटो काढला. काचेखाली आहे तो हाच फोटो. दोन वर्षांनी तिथल्या एका वनरक्षकाचे पत्र आले की पायवाट कुजली आणि धोक्याची झाली म्हणून त्यांनी काढून टाकली. बोर्निओत बेलियन नावाचे लोखंडासारखे लाकूड असते, ते पावसात वर्षानुवर्षे टिकते; पण महाग. आमच्यासाठी स्वस्तातले लाकूड आणले होते. खरी गोष्ट त्या वनरक्षकाने शेवटच्या ओळीत सभ्यपणे लिहिली होती. ती पायवाट त्यांनी मागितलेलीच नव्हती. गट येणार होता, त्याला काहीतरी काम द्यायला हवे होते.

दुसरे काम त्या दुसुन गावात होते. डोंगरातल्या ओढ्यावर छोटा बंधारा घालायचा, तिथून काळा पाईप खाली आणायचा, टाकी बांधायची आणि घरांजवळ नळ द्यायचे. पंप नाही, वीज नाही, पाणी आपल्या उताराने येते. हे काम गावाने मागितलेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा चर खणून तयार होता. प्रत्येक घराने माणूस द्यायचा असे ठरलेले, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. आमच्याबरोबर आलेल्या तज्ज्ञाने बंधाऱ्याची जागा नकाशावर आखून आणली होती. गावातली एक म्हातारी ती बघायला वर आली, पाण्यात उभी राहिली आणि मान हलवून आणखी वर निघाली. दुष्काळाच्या वर्षी हा ओढा खाली आटतो, वरच्या खडकापाशी आटत नाही, असे तिचे म्हणणे. दोन दिवस वाद चालला. शेवटी बंधारा वर झाला, पाईप कमी पडला, तो गावाने वर्गणी काढून आणला. ती योजना अजून चालू आहे असे कळते. दोनदा पाईप बदलले, दोन्ही वेळा गावानेच.

दोन्ही ठिकाणी आम्ही बारा जण तेच होतो, तितकाच घाम गाळला. पायवाट गेली आणि नळ राहिला, यात आमच्या उत्साहाचा काही संबंध नव्हता.

जंगलाला काय लागते

निसर्गसंवर्धन म्हणजे झाडे लावणे, असे आपल्या मनात बसलेले आहे. वर्षावनाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

सबाहच्या पूर्वेला लाहाड दातू गावापासून आत डानुम खोरे आहे. ४३८ चौरस किलोमीटरचे हे जंगल कधी तोडले गेले नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने; तिथे बाराही महिने. झाडांचे मुख्य कूळ डिप्टेरोकार्प, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पूर्व टोकाला आढळणाऱ्या सालवृक्षाचेच कूळ. २०१९ साली याच खोऱ्यातील पिवळ्या मेरांतीच्या एका झाडाची उंची मोजली, ती १०० मीटरहून थोडी अधिक भरली. मोजण्यासाठी स्थानिक गिर्यारोहक फीत घेऊन शेंड्यापर्यंत चढला होता.

इतके मोठे जंगल, म्हणजे जमीन सुपीक असणार असे वाटते. तसे नसते. पडलेले पान काही महिन्यांत कुजते आणि त्यातले सत्त्व मुळे लगेच परत ओढून घेतात. सगळी संपत्ती झाडांच्या अंगात असते, मातीत थोडीच उरते. झाडे काढून नेली की उघड्या मातीवर पाऊस आपटतो आणि थोड्या वर्षांत लाल चिखल आणि वेलींचे रान उरते. डानुमच्या आजूबाजूचा पुष्कळ भाग लाकडासाठी असाच तोडला गेला आहे, आणि मोहिमांना झाडे लावायला नेतात ते या भागात.

आता ही डिप्टेरोकार्प झाडे दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षे सगळे जंगल गप्प असते आणि मग एखाद्या वर्षी एकदम सगळी फळतात. बी पडले की थोड्याच दिवसांत रुजते. ते डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. म्हणून रोपवाटिकेतल्या माणसांना फळण्याच्या वर्षी धावपळ करून बी गोळा करावे लागते, किंवा जंगलात उगवलेली बोटभर रोपे हलक्या हाताने उपटून आणावी लागतात. त्यांना सावलीत वाढवायचे, हळूहळू उजेडाची सवय करायची आणि मग रानात न्यायचे. मोहिमेतला मुलगा-मुलगी येते ती इथे. खड्डा खणते, रोप लावते, काठी रोवते, फोटो काढते. पुढची काही वर्षे त्या रोपावर चढणारे वेल आणि बांबू कोयत्याने कापत राहावे लागते, नाहीतर रोप गुदमरते. ते काम फोटोत येत नाही. ते स्थानिक मजूर करतात.

कोणती रोपे लावायची हाही प्रश्न आहेच. सबाहमध्येच मालुआ नावाच्या तोडलेल्या जंगलात २००२ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५०० हेक्टर जमीन, चार-चार हेक्टरचे १२५ तुकडे. काही तुकड्यांत एकाच जातीची रोपे, काहींत चार, काहींत सोळा जातींची. उपग्रहाच्या चित्रांवरून तुलना करून निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्यांत मिश्र जाती लावल्या होत्या तिथे जंगल लवकर सावरले. वीस वर्षांनी मिळालेले उत्तर आहे हे. सात आठवड्यांसाठी जाणाऱ्याने हा आकडा मनात ठेवलेला बरा.

शरीराचे बोलू

हे भाग आईवडिलांना वाचून दाखवा. वाघ-हत्तींची भीती विचारतात सगळे. बोर्निओत वाघ नाही. तिथल्या छोट्या हत्तींपासून आणि ओरांगउटानपासून मोहिमेतल्या कोणाला काही झाल्याचे मी पाहिले नाही. त्रास होतो तो ओलाव्याने. अंगावरचे कपडे सुकत नाहीत. म्हणून नियम असा, की एक जोड कायम ओला, कामाचा. एक जोड कायम कोरडा, फक्त रात्रीचा. सकाळी कोरडे उबदार कपडे काढून कालचे ओले, गार कपडे अंगात घालायचे. मला सगळ्यांत कठीण हेच गेले. आळस करून कोरड्यात कामाला गेले की दोन दिवसांत दोन्ही जोड ओले, मग पायाला चिखल्या, मांड्यांना गजकर्ण, आणि माणूस घरी परत.

जळवा असतात, पायवाटेच्या पानांवर उभ्या राहून वाट बघतात. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात. जळूने कोणी मरत नाही, फक्त रक्त बराच वेळ थांबत नाही आणि ती जागा खाजवून पिकते. झोळी बांधण्याआधी मान वर करून पाहायचे, वर वाळलेली फांदी लटकत नाही ना. तिथल्या जंगलात पडणाऱ्या फांद्यांचे भय प्राण्यांपेक्षा मोठे आहे. नदीचे पाणी आकाश निरभ्र असताना चढू शकते, कारण पाऊस वर डोंगरात झालेला असतो.

आणि लेप्टो. मुंबईकरांना हा शब्द पुराच्या पाण्यामुळे माहीत आहे. २००० साली सबाहमध्ये 'इको-चॅलेंज' नावाची साहस स्पर्धा झाली. त्यानंतर चौकशी केलेल्या १८९ स्पर्धकांपैकी ८० जणांना लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे आढळली, आणि सेगामा नदीत पोहण्याशी त्याचा संबंध निघाला. ही नदी डानुमच्या संशोधन केंद्राजवळून वाहते. हिवतापाचेही तिथे वेगळे आहे. माकडांमध्ये असणारा नोलेसाय नावाचा मलेरिया डासांमार्फत माणसांना होतो आणि सबाहमध्ये आता बहुतेक रुग्ण त्याचेच असतात. म्हणून जखम उघडी ठेवून नदीत उतरायचे नाही आणि ताप आला की "होईल बरा" म्हणायचे नाही. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर इथल्या डॉक्टरला जंगलात जाऊन आल्याचे आधी सांगायचे. आमच्या मुली दुखणे लपवतात. शेतावर, तोडीवर तशीच सवय लागते, खाडा धरला जातो म्हणून. तिथे हीच सवय घात करते.

जंगल कोणाचे

आपल्या वाचकांसाठी मला महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. बाहेरून येणाऱ्याला वर्षावन हे ओसाड, कोणी न राहणारे वाटते. सबाहमध्ये तसे फार थोडे जंगल आहे. क्रॉकर पर्वतरांगेचे १९८४ साली राष्ट्रीय उद्यान केले तेव्हा आखलेल्या रेषेच्या आत दुसुन आणि मुरुत लोकांची शेते, फळझाडे, शिकारीच्या वाटा आल्या. एका रात्रीत आपल्याच बागेत ते घुसखोर ठरले. पुढे बरीच वर्षे बोलणी होऊन उद्यानाच्या आतच काही भाग लोकांच्या वापरासाठी राखण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा येण्याआधी आणि आल्यानंतर आपण काय काय पाहिले ते आठवा, म्हणजे जास्त समजावून सांगावे लागणार नाही.

मोहिमा काढणाऱ्यांमध्ये हे ओळखणारेही होते. शेजारच्या सारवाक राज्यात मुलू पर्वताच्या परिसरात ब्रिटनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९७७-७८ साली शंभरावर शास्त्रज्ञांची पंधरा महिन्यांची मोहीम काढली. तिचे नेते रॉबिन हॅनबरी-टेनिसन हे मूळनिवासींच्या हक्कांसाठी १९६९ साली सुरू झालेल्या सर्व्हायव्हल इंटरनॅशनलच्या संस्थापकांपैकी एक. त्या जंगलात पेनान लोक फिरते जीवन जगत. पेनानांमध्ये 'मोलोंग' नावाची रीत आहे. सागूचे किंवा फळाचे झाड सापडले की त्यावर खूण करायची. मग त्याची राखण करायची, पुरते ओरबाडायचे नाही, पुढच्यासाठी ठेवायचे. शास्त्रज्ञ ज्याला संवर्धन म्हणत होते त्याला तिथे आधीपासून शब्द होता.

सबाहमध्ये असाच शब्द आहे 'तागाल'. कडाझान-दुसुन भाषेत त्याचा अर्थ मनाई. गाव आपल्या नदीचे तुकडे पाडते. लाल भागात कधीच मासे धरायचे नाहीत. पिवळ्या भागात गाव ठरवील त्या दिवशी, वर्षातून एकदा किंवा दोनदा, सगळ्यांनी मिळून धरायचे आणि वाटून घ्यायचे. हिरव्या भागात नियम पाळून एरवीही चालते. कोणी मोडले तर जुन्या रीतीचा दंड, 'सोगित'. पूर्वी तो डुकराच्या, कोंबडीच्या रूपात देत. नद्यांत विष आणि स्फोटके टाकून मासे मारण्याचे प्रकार वाढले तेव्हा गावांनी ही जुनी मनाई पुन्हा उभी केली, आणि २००३ च्या राज्याच्या मत्स्य कायद्यात तिला जागा मिळाली. मी पाहिलेल्या एका तागालमध्ये काठावरून पाण्यात हात घातला की मासे येऊन बोटांना लागत होते. तिथे बाहेरच्या कोणी काही लावले नव्हते की बांधले नव्हते.

किनाबातांगान नदीवर बातू पुतेह नावाची वस्ती आहे. १९९७-९८ च्या दुष्काळात तिथले जंगल जळाले. त्यानंतर ओरांग सुंगाई गावकऱ्यांनी स्वतः रोपवाटिका काढली, २००३ साली सहकारी संस्था स्थापन केली आणि पाणवनस्पतीने भरून गेलेला तुंगोग तलाव हातांनी उपसून मोकळा करायला घेतला. बाहेरचे तरुण तिथेही जातात, पैसे देऊन, गावकऱ्यांच्या घरी राहतात, रोपे लावतात, तण काढतात. पण काम काय करायचे ते गाव सांगते आणि पैसा गावाच्या संस्थेत जमा होतो. अशा ठिकाणी जायला मी कोणालाही नाही म्हणणार नाही.

पैशाचे आणि अर्जाचे

आता पुन्हा त्या अर्जाकडे. मोहिमेची फी आणि विमानभाडे मिळून जी रक्कम होते त्यात आमच्या वसतिगृहातील चार मुलींचे वर्षाचे जेवण निघते. निम्मी फी माफ, बाकीची मंडळ्यांकडून गोळा करायची, असे अर्जात होते. म्हणजे शेवटी तुमच्याकडेच यायचे. मी सही थांबवली त्याला हे एक कारण होते. दुसरे कारण अर्जातच होते. 'आपण का येऊ इच्छिता' या प्रश्नापुढे तिने लिहिले होते, 'नेतृत्वगुण विकसित करण्यासाठी.' कोणाच्या तरी मोबाईलवरून उतरवलेले वाक्य.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा बारडोलीकडून, उसाच्या फडातून फोन आला. माणूस मोजके बोलणारा. "आपल्या डोंगरावर झाडं लावायला कोणी येत नाही, आन् ही तिकडं लावायला जाणार व्हय ताई?" मला उत्तर सुचले नाही. मी फोन मुलीकडे दिला. ती त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली, मग मला म्हणाली, "मला लावायला नाही जायचं. त्यांनी नदी कशी राखली ते बघायचंय. आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालाय, पण पुढं करायचं काय ते कोणाला उमजत नाही. नाल्यात मासे राहिले नाहीत."

मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला तेव्हा ती शाळेत जाण्याच्याही वयाची नव्हती, आणि आज तिच्यापुढे तोच प्रश्न आहे. हे तिने अर्जात लिहिलेच नव्हते. आम्ही बसून अर्ज पुन्हा लिहिला.

मग दोघींनी मिळून मोहिमेच्या संस्थेला प्रश्न पाठवले. काम कोणत्या गावाने किंवा कोणत्या खात्याने मागितले आहे आणि तसे पत्र आहे का? गट गेल्यावर ते काम कोण सांभाळणार, त्याचा पगार कोण देणार? गटात सबाहचे स्थानिक तरुण किती? जंगलातून जवळच्या दवाखान्यात पोहोचायला किती तास लागतात आणि विमा कोणाचा? पाहणी-मोजणी करणार असाल तर राज्याच्या जैवविविधता केंद्राचा परवाना घेतला आहे का, आणि आमच्या मुलीचा व्हिसा अशा कामाला चालतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला तरुण लाजतात. पर्यटक म्हणून शिरून काम करताना पकडले गेले तर संस्था नव्हे, मूल अडकते. सबाहचे प्रवेशाचे नियम राज्याचे स्वतःचे आहेत. तिथे उतरताना पासपोर्टवर वेगळा शिक्का बसतो.

दवाखान्याचे आणि विम्याचे उत्तर तीन दिवसांत आले, नीट आले. गटात सहा स्थानिक तरुण असतील असेही आले. गावाच्या पत्राला वेळ लागला, पण मागच्या गुरुवारी तेही मिळाले. मलय भाषेत होते, खाली गावप्रमुखाची सही आणि शिक्का. त्यात रोपवाटिकेची सावली-जाळी बदलणे आणि तागालच्या हद्दीचे खांब रोवणे अशी दोन कामे मागितली आहेत. काम कोण सांभाळणार याचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही आणि तसे मी कळवले आहे. व्हिसाचे लेखी अजून यायचे आहे.

सही मी शनिवारी केली. व्हिसाचे लेखी आल्याखेरीज तिकीट काढायचे नाही, असे तिने माझ्यासमोर वडिलांना फोनवर कबूल केले आहे. मंडळ्यांकडून जे जमेल त्याचा हिशेब आमच्या कार्यालयात ठेवला जाईल, आणि परतल्यावर ती पहिल्यांदा आपल्या ग्रामसभेत बोलेल, त्यानंतर आपल्या सभांमध्ये.

सध्या अडले आहे ते पासपोर्टापाशी. पडताळणीला हवालदार गावी गेले तेव्हा घराला कुलूप होते, शेजारच्या तिन्ही घरांनाही होते, सगळे तोडीवर. ते मंगळवारी पुन्हा येणार आहेत. तिची आजी बहिणीकडे राहायला गेली आहे, तिला आणून घरात बसवायचे आहे. सकाळच्या सहाच्या एसटीने मी जाते आहे.